रोझी लेजंड आणि परफ्यूम: बडोद्याच्या दोन विजेत्यांच्या आया

महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांचे ‘सयाजीराव’ आणि ‘माय बाबू’ हे शर्यतीचे घोडे आम्हां जुन्या बडोदेकरांच्या स्मरणात आहेत. त्यांना जन्म देणाऱ्या घोड्यांचा, म्हणजे सयाजीरावची आई रोझी लेजंड आणि माय बाबूची आई परफ्यूम यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. रोझी लेजंडला निआर्को या घोड्यापासून दोन मुलगे झाले, एकमेकांचे सख्खे भाऊ: १९४५ची इंग्लंडमधील डर्बी शर्यत जिंकणारा दान्ते, आणि २८,००० गिनींना (गिनी हे जुने ब्रिटिश चलन) खरेदी झालेला, १९४७ची सेंट लेजर शर्यत जिंकणारा सयाजीराव. परफ्यूमच्या माय बाबूने १९४८ची टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. केवळ मुलांच्या विजयांवरून पाहिले, तर रोझी लेजंड निःसंशय सरस ठरते. परंतु पैदाशीच्या घोडीचे मोल पुढच्या पिढ्यांतही पाहावे लागते, आणि तिथे माझे मन परफ्यूमकडे झुकते, कारण माय बाबूची कन्या केरला (नावही आपल्याच देशातले!) हिच्या पोटी अमेरिकेत १९६७चा सर्वोत्तम घोडा ठरलेला दमास्कस जन्मला.