सीपॅपचा मास्क निवडताना: नेझल, पिलो आणि फुल फेस समोरासमोर

सीपॅप म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप ॲपनियावर, रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. हे मशीन कुठलं घ्यायचं यावर लोक आठवडेच्या आठवडे काथ्याकूट करतात आणि मास्क मात्र बॉक्सबरोबर जो आला तोच लावून झोपतात. खरं तर उलटं करायला हवं. मशीन उशाशी पडून असतं, चेहऱ्याला रात्रभर चिकटून राहतो तो मास्क, आणि थेरपी अर्ध्यात सोडणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं मास्कपाशीच अडलेलं असतं. मी रोज सीपॅप लावून झोपते, तिन्ही प्रकारचे मास्क वापरून झालेत, आणि नवीन निदान झालेल्या ओळखीच्यांना फोनवर जे सांगत असते तेच इथे सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. नाकाने श्वास घेता येत असेल तर नाकाच्या मास्कपासून सुरुवात करा, म्हणजे नेझल (नाकावर बसणारा) किंवा पिलो (नाकपुड्यांशी टेकणारा). फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा, हा गरज असेल तरच. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचाही कल असाच आहे, तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्यापेक्षा नाकाच्या मास्कला पसंती.

नाकाचा मास्क की फुल फेस

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकीच्या बाजूला जातात, त्यामुळे जरा सावकाश बोलू. बहुतेकांचा हिशोब असा असतो की मी तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, म्हणजे मला तोंडही झाकणारा मास्क हवा. ऐकायला बरोबर वाटतं. पण सीपॅप चालतो कसा ते बघा. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पहिल्यांदा मांडली तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. नाकातून दाबाने आलेली हवा घशातला मऊ टाळू पुढे जिभेकडे ढकलते, श्वासाची वाट उघडी राहते आणि तोंडाकडून हवा निसटण्याचा रस्ताही बऱ्यापैकी बंद होतो. फुल फेसमध्ये हवा नाकातून आणि तोंडातून एकाच वेळी आत येते, त्यामुळे टाळूच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो आणि हा फायदा कमी होतो. त्यात मास्क घट्ट बसावा म्हणून खालचे पट्टे ओढले की हनुवटी थोडी मागे सरकते, तिच्याबरोबर जीभही मागे जाते, म्हणजे जी वाट उघडायची तीच अरुंद होते. म्हणूनच फुल फेसवर अनेकांना जास्त प्रेशर लागतं, लीकही जास्त होतो कारण सील करायची कडाच मोठी आहे, नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत.

आणि तोंड का उघडतं हेही विचारा ना. कित्येकांचं तोंड उघडतं ते श्वास अडकतो म्हणून, ॲपनिया आटोक्यात आला की ती सवय आपोआप कमी होते. काहींचं नाक चोंदलेलं असतं, त्यावर सलाईनने नाक धुणं, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्प्रे, मशीनचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) आणि गरम होणारा पाईप याने खूप फरक पडतो. नाकाचा पडदा वाकडा असेल तर ईएनटी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्याच. एवढं सगळं करूनही सकाळी तोंड कोरडं ठाक पडत असेल आणि मशीनच्या ॲपमध्ये लीक जास्त दिसत असेल तर मग फुल फेस घ्या, अगदी बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही, काही लोकांसाठी तोच बरोबर मास्क असतो. तोंडाला टेप लावायचे सल्ले सगळीकडे फिरतात, पण नाक चोंदलेलं असताना टेप लावणं धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

फुल फेस घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जपून. या मास्कमध्ये एक छोटी झडप असते, लाईट गेली आणि मशीन बंद पडलं तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. धुताना ती झडप तुटलेली, वळलेली नाही ना हे बघत जा. आणि ज्यांना उलटी होण्याची शक्यता आहे किंवा ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्यांनी तोंड झाकणारा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घेताना तर हे आधी विचारा.

नेझल की पिलो

नाकाचा मास्क ठरला की दुसरा प्रश्न येतो. नेझल म्हणजे नाकावर बसणारी तिकोनी टोपी. पिलो म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारी दोन छोटी मऊ बोंडं, बाकी चेहरा मोकळा. आणि या दोघांच्या मधला एक प्रकार आता खूप चालतो, नाकाच्या खाली पाळण्यासारखं बसणारं कुशन, नाकाच्या हाडाला हातच लावत नाही. फिलिप्सचा ड्रीमवेअर, रेसमेडचा एन३०आय, फिशर अँड पायकेलचा एव्होरा हे त्यातले.

पिलोचा मोठा फायदा म्हणजे चेहऱ्यावर काहीच नसल्यासारखं वाटतं. बंद जागेत जीव गुदमरतो अशांना, झोपायच्या आधी चष्मा लावून वाचणाऱ्यांना, आणि मिशी-दाढीवाल्यांना हा सोयीचा, कारण केसांवर मास्कची सिलिकॉनची कड नीट सील होत नाही आणि पिलोला केसांशी फारसं देणंघेणं नसतं. तोटा काय तर हवेचा झोत थेट नाकपुडीत. सुरुवातीचे काही दिवस नाकपुड्यांच्या कडा हुळहुळतात, आणि प्रेशर जास्त असेल तर काहींना तो झोत सहन होत नाही. सीपॅपचं प्रेशर साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाणी (हे हवेचा दाब मोजायचं एकक) एवढ्या टप्प्यात असतं, वरच्या बाजूला असलेल्यांनी आधी मशीन चालू करून बघावं आणि मगच ठरवावं. जास्त प्रेशरवर पिलो चालतच नाही असंही काही नाही, खूप जण आरामात वापरतात.

पिलोची साईझ हा वेगळा विषय. माणूस धिप्पाड म्हणून लार्ज असं होत नाही, आणि कधी कधी एक नाकपुडी दुसरीपेक्षा लहान असते. बोंडं आत खुपसायची नसतात, नुसती टेकून बसली पाहिजेत. टोचतंय म्हणजे लहान साईझ खोल घुसतेय किंवा पट्टा जास्त आवळलाय, आणि फुसफुस आवाज येतोय म्हणजे बहुतेक वेळा साईझ लहान पडतेय.

नेझलचं वागणं जास्त शांत असतं. हवा टोपीभर पसरते, झोत लागत नाही, जास्त प्रेशरही नीट सांभाळतो. पण नाकाच्या हाडावर, म्हणजे जिथे चष्म्याचा पूल बसतो तिथे, दाब येतो आणि वरची कड जरा जरी उचलली गेली की हवा थेट डोळ्यात. रात्री दोनला डोळ्यात गार हवेची धार लागून जाग येणं काय असतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल, सकाळी डोळे लाल आणि चुरचुरतात. अशा वेळी हात आपोआप पट्टा आवळायला जातो, आणि बरेचदा तिथेच काम बिघडतं. कुशनला दोन पापुद्रे असतात, आतला आधाराचा आणि बाहेरचा पातळ, हा पातळ पापुद्रा हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो, आवळला की तो चुरगळतो आणि लीक वाढतो.

नाकाखाली बसणारं कुशन मला स्वतःला सगळ्यात आवडतं, नाकावर वण नाही आणि झोतही नाही. फक्त वरच्या ओठाशी घासतं, आणि नाकाचा शेंडा खाली वाकलेला असेल तर सील होणं अवघड जातं.

पाईप समोर की डोक्यावर

कुशी बदलणाऱ्यांनी याचा विचार नक्की करावा. समोर नाकापाशी पाईप जोडलेला मास्क बसायला पक्का असतो, पण कूस बदलली की पाईपचं वजन मास्कला ओढतं. पाईप डोक्यामागून वर लटकवला, पलंगाच्या वरच्या कडेला अडकवला तरी पुष्कळ सुटका होते. डोक्यावर पाईप असलेल्या मास्कमध्ये हवा गालांवरून जाणाऱ्या पोकळ नळ्यांतून येते. एका कुशीवर झोपलात, त्या बाजूची नळी उशीखाली दबली तरी दुसरीतून हवा येत राहते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तोटा माझ्यासारख्या लांब केसांच्या बायकांना कळतो, सिल्की केस असतील तर फ्रेम मागे सरकत जाते, वर अंबाडा बांधून झोपता येत नाही, वेणी खाली मानेपाशी घालावी लागते. पोटावर झोपणाऱ्यांसाठी मात्र पिलो आणि डोक्यावरचा पाईप ही जोडी सोडून दुसरं फार काही सुचवता येत नाही.

सिलिकॉन की फोम यावर थोडक्यात. सिलिकॉन धुता येतं आणि टिकतं. मेमरी फोमचं कुशन, रेसमेडच्या एअरटच सारखं, गालांच्या खोलगट भागात छान बसतं आणि वण कमी पडतात, पण ते धुवायचं नसतं, पुसायचं, आणि साधारण महिन्याने बदलायचं. नाजूक त्वचेवाल्यांनी सिलिकॉनबरोबर कापडी लायनर लावून बघावं, स्वस्तात काम होतं.

लोहचुंबक असलेले मास्क

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बऱ्याच मास्कचे क्लिप चुंबकाचे असतात, अंधारात पटकन लागतात म्हणून लोकांना आवडतात. पण पेसमेकर, छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर, मेंदूतली क्लिप, डोक्यातला शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी), कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात गेलेला धातूचा कण अशांना ते घातक ठरू शकतं. २०२२ मध्ये फिलिप्सने आणि २०२३ मध्ये रेसमेडने याबद्दल इशारे दिले, चुंबक आणि इम्प्लांट (शरीरात बसवलेलं असं उपकरण) यांच्यात किमान ६ इंच अंतर हवं असं सांगितलं. आणि हे फक्त मास्क लावणाऱ्यापुरतं नाही, शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर असेल तरी लागू. असं काही असेल तर प्लास्टिक क्लिपचा मास्क मागा, तोच मास्क बिनचुंबकाचा मिळतो का ते विचारा.

दुकानात लावून बघताना

खुर्चीत बसून, मशीन बंद ठेवून मास्क लावून बघण्याला काही अर्थ नाही. आडवं झाल्यावर गाल आणि जबडा वेगळे बसतात. चेहरा धुवून, क्रीम न लावता, पट्टे सैल ठेवून मास्क लावा, मशीन तुमच्या खऱ्या प्रेशरवर चालू करायला सांगा, आडवे व्हा, मग मास्क पुढे ओढून चेहऱ्यापासून जरासा सोडवा म्हणजे कुशन हवेने फुगेल, आणि अलगद परत टेकवा. आता दोन्ही बाजूचे पट्टे सारखे, थोडे थोडे, फुसफुस थांबेपर्यंतच ओढा. दोन्ही कुशींवर वळून बघा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा, आणि साईझ जमली नाही तर बदलून मिळेल का हे पैसे द्यायच्या आधी विचारा. एकाच पाकिटात दोन-तीन साईझची कुशन येणारे फिटपॅक मिळत असतील तर तेच घ्या.

मास्कच्या भोकांतून सतत थोडी हवा बाहेर येते, ती लीक नाही, तुम्ही सोडलेला श्वास बाहेर जायला ती लागतेच, ती भोकं बंद करू नका. फक्त ती कुठल्या दिशेला फुंकते ते बघा, माझ्या एका मास्कची सगळी हवा नवऱ्याच्या मानेवर जायची आणि त्याची झोपमोड व्हायची, जिथे हवा चहूबाजूला पसरते असा मास्क घेतल्यावर ते थांबलं. खरा लीक किती हे मशीन सांगतं. रेसमेडच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या वर गेला तर जास्त समजतात. आणि सकाळचा वण तासाभरात गेला तर ठीक, दुपारपर्यंत राहिला किंवा कातडी सोलवटली तर साईझ किंवा प्रकार चुकलाय, सहन करत बसू नका.

ब्रँडचं बंधन मात्र फार नाही. बहुतेक मास्क-पाईपचा जोड २२ मिलिमीटरचा असतो त्यामुळे एका कंपनीचा मास्क दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालतो, रेसमेडच्या एअरमिनीसारखी प्रवासी मशीनं सोडून, तिला ठरावीकच मास्क लागतात.

मास्क लावला की घाबरायला होत असेल तर रात्रीची वाट बघू नका. दिवसा टीव्ही बघताना आधी नुसता मास्क हातात धरून नाकाला लावा, मग पट्टे, मग मशीन चालू करून, असं रोज थोडं वाढवत न्या. मशीनमधला रॅम्प चालू ठेवा म्हणजे प्रेशर हळूहळू चढतं.

कुशन रोज साध्या सौम्य साबणाने धुवा, चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन निसरडं होतं आणि रात्री मध्येच लीक सुरू होतो, लोक त्याला मास्क खराब निघाला म्हणतात. स्पिरिट, ब्लीच नको.

जमत असेल तर रोजचा नाकाचा मास्क आणि सर्दीच्या रात्रींसाठी एक फुल फेस असे दोन ठेवा, नाक पूर्ण बंद असलेल्या रात्री मशीनला सुट्टी द्यावी लागत नाही. फक्त मास्क बदलला की मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही बदला, पिलो, नेझल की फुल फेस, नाहीतर लीकचे आकडे चुकीचे दिसतात.