सीआयसीएस की आयएमएस? मेनफ्रेम सपोर्टमध्ये नवीन असाल तर टीम निवडण्याआधी हे बघा

मेनफ्रेमवर नाव लागलं आणि ट्रेनिंग संपत आलं की हा प्रश्न येतोच, सीआयसीएसच्या टीममध्ये जाऊ की आयएमएसच्या. दोन्ही आयबीएमची मेनफ्रेमवरची (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कॉम्प्युटरवरची) सॉफ्टवेअर्स, दोन्ही ऑनलाइन ट्रान्झॅक्शन चालवणारी, आणि वयंही जवळपास सारखीच. आयएमएसचं काम १९६६ मध्ये रॉकवेल आणि कॅटरपिलरसोबत सुरू झालं, अपोलो मोहिमेच्या रॉकेटला लागणाऱ्या असंख्य भागांचा हिशोब ठेवायला, आणि सीआयसीएस प्रॉडक्ट म्हणून आलं १९६९ मध्ये, मूळ गिऱ्हाईक वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपन्या. त्यामुळे बरेच जण धरून चालतात की एक आलं की दुसरं आलंच. पण तसं होत नाही, कारण शब्द तेच असतात आणि आत घडतं वेगळंच, आणि प्रॉडक्शनमध्ये नेमकं तिथेच लोक चुकतात.

मुळातला फरक एकच आहे. सीआयसीएसमध्ये युझरने एंटर दाबलं की लगेच त्याचा टास्क (त्या एका मागणीचं काम) तयार होतो आणि रीजनमध्ये (सीआयसीएस चालतं त्या मेमरीच्या जागेत) बाकीच्या टास्कसोबत रन व्हायला लागतो. आयएमएसमध्ये (क्यू टाळणारा फास्ट पाथ हा प्रकार सोडून बोलतोय) मेसेज, म्हणजे युझरने पाठवलेली मागणी, आधी लॉग होऊन क्यूमध्ये बसतो, आणि एखादा मेसेज रीजन (मेसेज प्रोसेस करणारी जागा) मोकळा झाला की तो उचलला जातो. बँकेत थेट काउंटरवर जाणं आणि टोकन घेऊन बसणं यात जो फरक तोच. हे एकदा डोक्यात बसलं ना की खालचं बरंचसं पाठ करावं लागत नाही.

उदाहरणार्थ ट्रान्झॅक्शन बंद करणं. सीआयसीएसमध्ये सीईएमटीवरून (सीआयसीएस सांभाळायची स्क्रीन) ट्रान्झॅक्शन डिसेबल केलं, विषय संपला, नवीन टास्क सुरू होत नाही आणि युझरला तिथल्या तिथे कळतं. आयएमएसमध्ये तुमच्यासमोर तीन कमांड असतात आणि तिन्ही "थांबवा" असंच सांगतात असं नवख्याला वाटतं. स्टॉप दिला तर मेसेज क्यूत घेणंही बंद आणि प्रोसेस करणंही बंद. पीस्टॉप दिला तर क्यूत घेणं चालू राहतं, फक्त शेड्युलिंग (मेसेज प्रोसेसिंगला उचलणं) थांबतं, म्हणजे युझर टाकत राहतो आणि काम मागे साचत राहतं. पर्ज बरोबर उलटं, नवीन घ्यायचं नाही पण साचलेलं संपवायचं. आणि पर्ज म्हटल्यावर डेटा उडेल म्हणून लोक घाबरतात, तसं काही नाही, उलट मेंटेनन्सच्या आधी क्यू रिकामी करायला हीच कमांड कामाची. पीस्टॉपला सीआयसीएसमध्ये सरळ जोडीदार नाही कारण तिथे साचवायला तशी क्यूच नाही. टीएसक्यू, टीडीक्यू (डेटा ठेवायच्या क्यू) आहेत हो, पण ते प्रोग्रामने स्वतः वापरायचे, येणाऱ्या ट्रान्झॅक्शनची रांग नव्हे.

दुसरी फसवी जागा कन्व्हर्सेशनल. सीआयसीएसमध्ये कन्व्हर्सेशनल म्हणजे युझर स्क्रीन बघत विचार करतोय आणि तोपर्यंत टास्क रीजनमध्ये अडकून बसलाय, म्हणून रिव्ह्यूमध्ये ते नाकारतात आणि स्यूडो-कन्व्हर्सेशनल लिहायला लावतात, म्हणजे रिटर्न करताना पुढचा ट्रान्झॅक्शन आयडी आणि कॉमएरिया (पुढच्या टास्कला द्यायचा डेटा) देऊन मोकळं व्हायचं. आयएमएसचं कन्व्हर्सेशनल मात्र आधीपासूनच तसं आहे, मधला डेटा स्पामध्ये (स्क्रॅचपॅड एरिया) ठेवला जातो आणि प्रोग्राम रीजन अडवून बसत नाही. तेव्हा आयएमएसवाल्याने "आमचं कन्व्हर्सेशनल आहे" म्हटलं तर लगेच नाक मुरडू नका.

अबेंड आला, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोलमडला तर? सीआयसीएसमध्ये एएसआरए हा कोड म्हणजे प्रोग्राम चेक (चुकीच्या डेटासारखी चूक), एआयसीए म्हणजे लूपमध्ये फिरत राहिला म्हणून काढून टाकला. टास्क जातो, ट्रान्झॅक्शन चालू राहतं, पुढचा युझर परत त्याच खड्ड्यात पडू शकतो. एका रीजनमध्ये शेकडो टास्क एकत्र असल्यामुळे एका वाईट प्रोग्रामचा त्रास शेजाऱ्यांना होतो, म्हणून मॅक्स टास्क (टास्कची मर्यादा गाठली) आणि शॉर्ट ऑन स्टोरेज (मेमरी कमी पडली) हे दोन शब्द रात्रीच्या कॉलवर सारखे ऐकू येतील. आयएमएसमध्ये एक मेसेज रीजन एका वेळी एकच प्रोग्राम चालवतो, त्यामुळे नुकसान तिथेच अडतं, पण ॲप्लिकेशन अबेंड झालं की आयएमएस डीएफएस५५४ए हा एरर मेसेज देऊन तो प्रोग्राम आणि ते ट्रान्झॅक्शन दोन्ही थांबवतं आणि दुरुस्तीनंतर दोन्ही हाताने स्टार्ट करायची असतात, हे विसरलं की सगळे म्हणतात फिक्स टाकला तरी चालत नाही. डेडलॉकला (दोन प्रोग्राम एकमेकांच्या लॉकवर अडकले की) मात्र आयएमएस फार छान वागतं, यू०७७७ हा अबेंड आला की बदल मागे घेऊन तोच मेसेज पुन्हा क्यूत टाकतं, युझरला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. सीआयसीएसमध्ये डीबी२ (आयबीएमचा डेटाबेस) वापरताना -९११ (डेडलॉक किंवा टाइमआउटचा एरर) आला की पुढे काय करायचं ते प्रोग्रामरने लिहिलेलं असावं लागतं. मला वैयक्तिक आयएमएसची ही गोष्ट मनापासून आवडते.

बंद-चालू करण्याबद्दल थोडक्यात. सीआयसीएसला शटडाउन म्हणजे शटडाउन, आणि स्टार्ट ऑटो ठेवलं की वॉर्म (नीट बंद झाल्यानंतरचं) की इमर्जन्सी (क्रॅशनंतरचं) ते स्वतः ठरवतं. आयएमएसमध्ये नुसता चेकपॉइंट (सध्याची स्थिती नोंदवणं) निरुपद्रवी, पण त्याच कमांडला फ्रीझ लावलं की अख्खी सिस्टिम बंद होते, आणि क्रॅशनंतर नॉर्मल नाही तर इमर्जन्सी रीस्टार्ट द्यायचा. कमांड टाइप करताना घाई नको.

मग निवडायचं काय? पर्याय खरंच तुमच्या हातात असेल तर मी सीआयसीएस म्हणेन. ते जास्त ठिकाणी वापरात आहे, जावा आणि जेसनवाली कामं त्याच्याभोवती बरीच होतात, आणि पहिल्याच दिवशी सीईएमटीवर टास्कची यादी बघता येते. पण मोठ्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं आयएमएस मिळत असेल तर नाही म्हणू नका, तिथे माणसं कमी असतात आणि शिकवणारे सीनियर भेटले तर रिकव्हरी म्हणजे काय ते मुळापासून कळतं. होकार देण्याआधी एवढं विचारून घ्या की डेटा कशात आहे. डीएल/आयमध्ये (आयएमएसचा डेटाबेस) असेल तर डीबीआरसी (रिकव्हरीवर लक्ष ठेवणारा भाग) आणि रिकॉन (त्याच्या नोंदींच्या फाइल) दोन्ही टीममध्ये शिकावंच लागेल, कारण सीआयसीएसही डीबीसीटीएलमधून (आयएमएसच्या डेटाबेसला जोडणारा भाग) त्याच डेटाबेसवर जातं, आणि नुसतं व्हीसॅम (मेनफ्रेमवरच्या फाइलचा प्रकार) आणि डीबी२ असेल तर सीआयसीएसच्या टीममध्ये डीबीआरसी आणि रिकॉनवाचून बरीच वर्षं निघतात.