सीआरयू: मॉनिटरचा बायोडेटा बदलणारं फुकटचं हत्यार

ऐरोली-महापेच्या कंपन्यांनी मॉनिटर बदलले की जुना माल ठाणे-नवी मुंबईच्या सेकंडहँड दुकानांत येतो. पॅनल धड, भाव बेताचा, पण घरी जोडल्यावर विंडोजच्या यादीत हवं ते रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) नसतो. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये पडून असलेला ३२ इंची टीव्ही कॉम्प्युटरला लावणाऱ्यांचीही हीच रड. अशा वेळी दुकानदार हमखास 'सीआरयू टाका' म्हणतो. म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, टोस्टीएक्स नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप सोडवली की आत सीआरयू, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करणाऱ्या रीस्टार्ट व रीस्टार्ट६४ आणि सगळे बदल पुसणारी रीसेट-ऑल एवढ्या फाइली.

आधी एक गैरसमज. सीआरयू मॉनिटरमध्ये काहीही लिहीत नाही. प्रत्येक मॉनिटर केबलमधून ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा बायोडेटा देतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. मूळ ब्लॉक १२८ बाइटचा, गरज असेल तर पुढे जोडब्लॉक. सीआरयू या बायोडेटाची बदललेली प्रत विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात ठेवतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ती खरी मानतो. त्यामुळे मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की सगळं जुन्यासारखंच. त्याच कॉम्प्युटरवर एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावलं, तरी सीआरयूच्या खिडकीतल्या वरच्या यादीत नवी नोंद दिसते आणि काम पुन्हा करावं लागतं. 'काल चालत होतं, आज गेलं' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

वापर सोपा आहे. वरच्या यादीत मॉनिटर निवडा आणि सगळ्यात आधी एक्स्पोर्ट दाबून मूळ ईडीआयडी जपून ठेवा. ही पायरी गाळणारे नंतर पस्तावतात. मग डिटेल्ड रिझोल्यूशन्सच्या चौकटीत ॲड. टायमिंगच्या यादीत ऑटोमॅटिक पीसी निवडून रुंदी, उंची, रिफ्रेश रेट भरा, ओके करा, रीस्टार्ट६४ चालवा. स्क्रीन दोनतीनदा काळी होऊन परत येते. रिफ्रेश रेट डिस्प्ले सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड पानावर बदलायचा. चौकटीतली पहिली नोंद ड्रायव्हर मूळ रिझोल्यूशन मानतो, म्हणून पॅनलचं खरं रिझोल्यूशन तिथून हलवू नका.

खरी मजा, आणि खरी डोकेदुखीही, मॅन्युअल टायमिंगमध्ये आहे. स्क्रीनवर १९२०×१०८० दिसत असलं तरी तारेतून त्याहून जास्त जातं: दिसणाऱ्या पिक्सेलांच्या बाजूला फ्रंट पोर्च, सिंक, बॅक पोर्च अशी रिकामी जागा असते. टीव्हीच्या प्रमाणित टायमिंगमध्ये एकूण २२००×११२५ होतात, ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला तारेतून जाणारे पिक्सेल. कॉम्प्युटर मॉनिटरच्या रिड्यूस्ड ब्लँकिंगमध्ये ही रिकामी जागा कमी केलेली असते: एकूण २०८०×११११, म्हणजे सुमारे १३८.५ मेगाहर्ट्झ. फ्रंट पोर्च, सिंक, बॅक पोर्च या क्रमाने आडवे आकडे ४८, ३२, ८०. उभे ३, ५, २३. हिशोब एवढाच: आडवी बेरीज गुणिले उभी बेरीज गुणिले रिफ्रेश रेट.

हा गुणाकार कागदावर केला तर निम्मी खटपट वाचते. जुन्या सिंगल-लिंक डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. त्यातून १०८० ला ७५ हर्ट्झ मागितले तर टीव्ही टायमिंगने १८५.६ लागतात, रिड्यूस्डच्या याच बेरजांनी १७३.३. दोन्ही बाहेर. ७१ हर्ट्झला १६४.१ होतात, म्हणजे जेमतेम आत. एचडीएमआय १.४ ची हद्द ३४० मेगाहर्ट्झ, त्यात २५६०×१४४० चा मॉनिटर ६० ला (२४१.५) आरामात बसतो. पण त्याच पिढीच्या यूएसबी-सी डोंगलमधून ४के ६० हर्ट्झला मागणाऱ्याला ५९४ लागतात. तिथे सीआरयू काय, कुणीच काही करू शकत नाही. डोंगल बदला.

६० हर्ट्झचं पॅनल ओढून ७५ वर नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बेरजा त्याच ठेवून रेट वाढवला की उभ्या रिकाम्या जागेला मिळणारा वेळ कमी होतो. प्रमाणित रिड्यूस्ड टायमिंग किमान ४६० मायक्रोसेकंद राखतं, त्याखाली गेलात तर एएमडी कार्डाच्या मेमरीला क्लॉक बदलायला उसंत मिळत नाही. मग स्क्रीन लुकलुकते, किंवा काही काम नसतानाही मेमरी पूर्ण वेगाने धावत राहते आणि कार्ड तापतं. मे महिन्यातल्या ठाण्यात ते परवडणारं नाही. 'आउट ऑफ रेंज' आलं नाही म्हणजे जमलं असंही समजू नका. काही मॉनिटर ७५ स्वीकारतात आणि आतल्या आत फ्रेम गाळतात. टेस्टयूएफओ या वेबसाइटच्या फ्रेम स्किपिंग पानाचा फोनवर दशांश सेकंदाच्या शटरने फोटो काढा. चौकटी सलग दिसल्या तर ठीक, मधेमधे काळ्या दिसल्या तर ते ७५ फक्त आकड्यापुरते.

जुन्या टीव्हीची भानगड वेगळी. पॅनल १३६६×७६८ चं असतं, पण ईडीआयडीच्या स्टँडर्ड नोंदीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते, १३६६ ला आठने भाग जात नाही. म्हणून यादीत १३६० दिसतं आणि अक्षरं धूसर. उपाय डिटेल्ड नोंदीचा, कारण तिथे पटीची अट नाही. मॅन्युअलमध्ये आडवे ७०, १४३, २१३ भरा, उभे ३, ३, २४, दोन्ही सिंक पॉझिटिव्ह, क्लॉक ८५.५ मेगाहर्ट्झ. एकूण १७९२×७९८ आले म्हणजे बरोबर. टीव्हीला ते पचलं नाही तर व्हीजीए पोर्टवर करून पाहा.

कडा कापल्या जाणं किंवा काळा रंग राखाडी दिसणं यावर काही जण जोडब्लॉकच उडवायला सांगतात. कार्ड मग मॉनिटरला डीव्हीआय समजतं. रंग सुधारतात खरे, पण एचडीएमआयचा आवाज जातो आणि १६५ ची मर्यादा आडवी येऊ शकते. त्याआधी टीव्हीच्या मेन्यूत ओव्हरस्कॅन (चित्र मोठं करून कडा कापणारी सेटिंग) बंद करून पाहा, ड्रायव्हरमध्ये आरजीबी फुल (रंगांची पूर्ण रेंज) निवडा.

काळी स्क्रीन हा या सॉफ्टवेअरचा मोठा दोष. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधली कस्टम सोय आधी चाचणी घेते आणि जमलं नाही तर मागे येते. सीआरयूत तसं काही नाही. म्हणून नुसता एखादा रेट करून बघायचा असेल तर आधी कार्डाच्या स्वतःच्या पॅनलमध्येच बघावा. सीआरयूत रीस्टार्टनंतर पंधरा सेकंदांत चित्र आलं नाही तर एफ८ दाबा, बदल तात्पुरते बाजूला होतात. तरी नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन रीसेट-ऑल. ती फाइल डेस्कटॉपवरच ठेवा.

फ्रीसिंक म्हणजे फ्रेम रेटप्रमाणे रिफ्रेश रेट बदलत ठेवणारी एएमडीची सोय. तिची रेंज बदलण्यासाठी मात्र सीआरयूला तोड नाही. ४८ ते ७५ ची रेंज असेल आणि खालचा आकडा ३७ वर टिकला, तर वरचा आकडा खालच्याच्या दुपटीपेक्षा जास्त होतो आणि कमी फ्रेम रेटला फ्रेम दुप्पट दाखवण्याची सोय सुरू होते. एकेक हर्ट्झने खाली या. लुकलुकायला लागलं की दोन पायऱ्या वर.

इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरवर ईडीआयडीची बदललेली प्रत चालतच नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर वेळ घालवू नका. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये बाहेरचा पोर्ट बऱ्याचदा इंटेलला जोडलेला असतो, हेही आधी तपासा.

वाशीच्या एखाद्या हॉलमधल्या एलईडी वॉलसाठी सीआरयू वापरणं चूकच. १९२×१९२ पिक्सेलांची कॅबिनेट (वॉलचे सुटे चौकोन) सहा बाय तीन लावली की वॉल ११५२×५७६ ची होते, आणि ते रिझोल्यूशन सीआरयूत सहज बनतं. पण कार्यक्रमाच्या दिवशी वक्ता स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो आणि त्यावर हा बदल नसतो. तिथे ईडीआयडी वॉलला चित्र पुरवणाऱ्या व्हिडिओ प्रोसेसरमध्येच बदलून ठेवा.