शेअर केलेलं आउटलुक कॅलेंडर: आमंत्रण, जुनी वाट की लिंक?

एकाकडे आउटलुक २०१६, दुसऱ्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५, तिसरा नव्या आउटलुकवर. अशी सरमिसळ असली की एकच कॅलेंडर तिघांना तीन तऱ्हांनी दिसतं. आवृत्तीवर खापर फोडण्याआधी ते कुठल्या वाटेने उघडलंय ते बघा.

‘ओपन शेअर्ड कॅलेंडर’मध्ये नाव टाकून उघडणं ही जुनी वाट. मेलचा सर्व्हर कंपनीचा स्वतःचा असेल तर सहसा हाच पर्याय उरतो. तोटा म्हणजे असं जोडलेलं कॅलेंडर फक्त त्या डेस्कटॉपपुरतं राहू शकतं आणि मोबाइलवर दिसेलच असं नाही. बदलही कधी उशिरा पोचतात.

मालकाने शेअरिंगचं आमंत्रण पाठवायचं आणि दुसऱ्याने ‘अ‍ॅक्सेप्ट’ करायचं, ही नवी वाट. दोघांचे मेलबॉक्स एक्सचेंज ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या मेलसेवेवर) असतील तर हीच निवडा, कारण कॅलेंडर स्वीकारणाऱ्याच्या मेलबॉक्समध्येच जोडलं जातं आणि ब्राउझर, फोन, डेस्कटॉप सगळीकडे दिसतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे जुन्या रूपाच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये, फाइल, अकाउंट सेटिंग्ज, चेंज, मोअर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे ‘टर्न ऑन शेअर्ड कॅलेंडर इम्प्रूव्हमेंट्स’वर खूण हवी. खूण केल्यावर आउटलुक बंद करून पुन्हा सुरू करा.

आता बिघाड. तेच कॅलेंडर आधी ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये उघडा. निम्मं निदान इथेच होतं. तिथेही दिसत नसेल तर परवानगी तपासा. तिथे नीट दिसत असेल तर डेस्कटॉपवरची प्रत किंवा प्रोफाइल (आउटलुकमधली खात्याची मांडणी) बिघडलंय. अशा वेळी कॅलेंडर यादीतून काढून पुन्हा जोडा. तरी जमलं नाही तर त्याच अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवरची ‘डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स’ची खूण काढून पाहा. त्याने सुरळीत झालं तर दोष स्थानिक प्रतीत आहे. यादीच विस्कटली असेल तर क्लासिक आउटलुक ‘रीसेटनॅव्हपेन’ या स्विचने (outlook.exe /resetnavpane या आज्ञेने) सुरू करता येतं, पण त्यात तुम्ही केलेले गट पुसले जातात.

‘सहकाऱ्याला फक्त बिझी दिसतं’ हा बिघाड समजू नका. मुळात सगळ्यांना तेवढंच दिसायची सोय असते. तपशील वाचायला ‘रिव्ह्यूअर’, बदल करायला ‘एडिटर’ आणि मीटिंगची आमंत्रणं हाताळायला ‘डेलिगेट’ परवानगी लागते. खासगी नोंदी दिसायला डेलिगेटला वेगळी खूण द्यावी लागते. डेलिगेट शक्यतो एकच ठेवा. दोघं वेगवेगळ्या आवृत्त्यांमधून एकच मीटिंग हलवू लागले की कुणी काय बदललं ते शोधत बसावं लागतं.

तिसरा पर्याय आयसीएस लिंकचा, म्हणजे कॅलेंडर प्रसिद्ध केल्यावर मिळणाऱ्या वेबपत्त्याचा. ऑफिसबाहेरच्यांना दाखवण्यापुरता तो ठीक आहे. लिंक हाती लागलेला कोणीही कॅलेंडर पाहू शकतो, बदल मात्र करता येत नाहीत. शिवाय गूगल कॅलेंडरमध्ये जोडल्यास बदल दिसायला बराच वेळ, कधी १२ तासही लागतात, म्हणून रोजच्या बैठका यावर ठरवू नका.

आउटलुक २०१६ आणि २०१९ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे तिथल्या कॅलेंडरच्या गुंत्यात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पुढे जाताना कॉम अ‍ॅड-इन (डेस्कटॉप आउटलुकला जोडायची जुन्या पद्धतीची पूरक साधनं) वापरणाऱ्यांनी क्लासिक आउटलुकच ठेवावं, कारण नव्या आउटलुकमध्ये ती चालत नाहीत.