आल्फ्रेडचा आवाज कुणाचा बरा? एका साऊंडवाल्याचं मत

कार्टूनमधल्या बॅटमॅनच्या आवाजासाठी केविन कॉन्रॉय, त्यात वाद नाही. वाद आल्फ्रेडवरनं होतो, म्हणजे बॅटमॅनला लहानाचा मोठा करणारा त्याच्या घरचा इंग्रज नोकर. शहापुरात माझा साऊंड भाड्यानं द्यायचा धंदा आहे. बेळगावातल्या हौशी नाटकांना माईक लावून लावून कान जरा चोखंदळ झालेत. नट वाक्य बोलतोय का मिरवतोय, ते पहिल्या दोन ओळींत कळतं.

माझा पहिला नंबर एफ्रम झिंबालिस्ट ज्युनियर. १९९२ ची 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' आठवा. सुरुवातीच्या तीन भागांत आल्फ्रेड क्लाइव्ह रेव्हिलचा होता, मग हे आले आणि खुर्ची कायमची धरून बसले. जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कचा, म्हणजे सत्तरी उलटलेला अमेरिकन गडी इंग्रज नोकर होऊन बोलतोय. वडील नामांकित व्हायोलिनवादक, आई गायिका. सुराचं घराणंच म्हणायचं की!

त्यांचा टोमणा ऐका. १९९३ च्या 'मास्क ऑफ द फँटॅझम' सिनेमात ब्रूसला, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनला, स्वतःच्याच डोक्याची शंका येते. आल्फ्रेड म्हणतो, छे, तुमच्याइतकं शहाणं कोण? आणि त्याच दमात सांगतो की तुमची ती घट्ट विजार इस्त्री करून ठेवलीय. आवाज रेसभरसुद्धा चढत नाही. पेढीवरचे जुने दिवाणजी मालकाच्या चुका अशाच खालमानेनं सांगायचे. दुसरा नट असता तर हशासाठी थांबला असता. ह्यांनी वाक्य ठेवलं आणि पुढं गेले. त्याच सिनेमात ब्रूस पहिल्यांदा मुखवटा चढवतो, तेव्हा आल्फ्रेडच्या तोंडून 'अरे देवा' एवढंच निघतं. ज्याला पोरासारखा वाढवला, त्याचीच भीती वाटलेली त्या दोन शब्दांत कळते. ह्या मालिकेत व्हॉइस डायरेक्टर आंद्रिया रोमानो नटांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग करायच्या. समोरच्याचा श्वास ऐकून दिलेलं उत्तर वेगळंच लागतं. एकेकट्यानं बंद खोलीत बोललेलं मला लगेच कोरडं वाटतं.

दुसरा मार्टिन जार्व्हिस. भाचा 'अर्खम सिटी' (२०११) हा बॅटमॅनचा व्हिडिओ गेम खेळतो, मी मागं बसून नुसतं ऐकतो. इथं आल्फ्रेड रेडिओवरनंच बोलतो, म्हणजे चेहऱ्याचा आधार नाही. तालियाला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, वाचवायला निघालेल्या बॅटमॅनला तो 'आधी गाव' म्हणून अडवतो, तिथं जार्व्हिसच्या आवाजात जरब आणि काळजी एकदम येते. झिंबालिस्टनंतर हाच, होय बा.

डेव्हिड मॅकॅलम ('सन ऑफ बॅटमॅन', २०१४) ठीक. २०२४ च्या 'केप्ड क्रुसेडर' मालिकेतले जेसन वॉटकिन्स अजून मनात बसले नाहीत, पण वाईट म्हणणार नाही.

राहिला 'लेगो बॅटमॅन'मधला राल्फ फाइन्स. २०१७ चा सिनेमा, सगळा गोंधळ, आणि हा मधोमध शिस्तीत बोलणारा. गंमत बघा, 'हॅरी पॉटर'मधला खलनायक व्होल्डेमॉर्ट हा फाइन्सचाच गाजलेला रोल; तो ह्याच सिनेमात आहे, पण आवाज दिलाय एडी इझार्डनं! फाइन्सला चार स्टार, एक कापला तो त्याला पुरेसं बोलू न दिल्याबद्दल.

ऐकायचं तर मूळ इंग्रजीतच ऐका, आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको. झिंबालिस्टच्या आवाजातला खालचा भाग त्यात सगळा उडतो. दोनशे रुपयांचा हेडफोनही चालेल.