आग विझवायचा सिलिंडर आधी घ्यावा की मेन बोर्ड बदलावा?

हाताशी सात-आठ हजार रुपये आहेत, घर सांगलीच्या जुन्या भागात आहे आणि आगीच्या दृष्टीनं काहीतरी करायचं ठरवलंय. अशा वेळी बहुतेक जण लाल सिलिंडर आणून भिंतीला अडकवतात. माझं मत विचाराल तर पहिला पैसा मेन बोर्डात घाला, दुसरा गॅसच्या नळीवर आणि सिलिंडर तिसरा घ्या. सिलिंडर कामाचाच आहे, पण आग लागल्यावर, घरात कुणी जागं असेल आणि त्याला तो चालवता येत असेल तर. बोर्ड आणि नळी धड असतील तर आग लागायची वेळच कमी येते, घर झोपलेलं असलं तरी.

बोर्डात आरसीसीबी बसवा म्हटलं की, एमसीबी आहेत, मग तो कशाला, असं हमखास विचारलं जातं. ही दोन्ही बिघाड झाला की लाईन आपोआप तोडणारी बटणं. दोघांची कामं वेगळी आहेत. वायरीतून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की एमसीबी पडतो. आरसीसीबी बघतो ते गेलेला करंट तेवढाच परत आला का. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की लाईन बंद. ओल आलेल्या भिंतीतून किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरीतून करंट थोडा थोडा झिरपत असतो, तो एमसीबीला कळत नाही. 230 व्होल्टला 300 मिलीअँपिअर झिरपले तरी जवळपास 70 वॅटची उष्णता एकाच जागी तयार होते. साताऱ्याच्या पेठांतल्या वाड्यांत लाकडी पट्ट्यांवरून वायरिंग गेलेलं असतं, तिथं वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. पेटायला तेवढी ऊब पुरते.

सांगलीत तर पुराची भर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये गावभाग, सांगलीवाडी या बाजूला घराघरांत पाणी शिरलं होतं. पाण्यात बुडालेला बोर्ड उन्हात वाळवून पुन्हा चालू केला असेल, तर आतल्या गाळानं आणि गंजानं जोड कमकुवत झालेले असतात. बुडालेले एमसीबी, बटणं, सॉकेट पुसून वापरू नका, बदला. नवा बोर्ड लावताना तो पुराच्या खुणेच्या वर घ्या.

आरसीसीबी बसवला की एक तक्रार येते, पावसाळ्यात सारखा पडतो. मग कुणीतरी तो बायपास करून देतो. तसं करू देऊ नका. जुन्या घरात दोन लाईनींचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, एकत्र जोडलेला असतो किंवा खरोखर कुठंतरी गळती असते. एकेक लाईन सुटी करून बघितली की वायरमनला जागा सापडते. एमसीबीचंही तसंच. 16 अँपिअरचा सारखा पडतो म्हणून 32 चा बसवला, तर एमसीबी पडायच्या आधी वायर जळेल.

पण या दोघांनाही सापडत नाही ती सैल जोडणी. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. सॉकेटची पकड ढिली असेल तर करंट तेवढाच राहतो, गळतीही नसते, फक्त जोड तापत जातो. गिझर, इस्त्री, मिक्सर यांची पिन काढून हात लावून बघा. पिन गरम लागली, भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं किंवा माशासारखा वास आला, तर ते सॉकेट आजच बदला. शंभर-दोनशे रुपयांत होतं.

आता गॅस. साधी रबरी नळी आणि केशरी सुरक्षा नळी यांत निवड करायचं कारणच नाही. सुरक्षा नळीत तारेची जाळी असते, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं आणि पाच वर्षांनी ती बदलायची. नळी दीड मीटरच्या आतच असावी, शेगडीच्या मागून तापलेल्या भागावरून नेऊ नये. गळती ओळखणारा अलार्म घेणार असाल तर स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, म्हणून अलार्म खाली, फुटभर उंचीवर लावा. पाईपलाईनचा गॅस हलका, तिथं अलार्म वर. पण रोज रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय या अलार्मपेक्षा जास्त मोलाची, आणि तिला पैसे लागत नाहीत. वास आलाच तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन करा.

आग विझवायच्या सिलिंडरमध्ये घरासाठी एबीसी पावडरचा घ्यावा, 2 किलोचा, घर मोठं असेल तर 4 चा. आयएसआय चिन्ह बघा. कागद, लाकूड, पेट्रोल, वीज सगळ्यांवर चालतो, दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते एका नजरेत दिसतं. वाईट एवढंच की पिवळी पावडर घरभर बसते आणि टीव्ही, कॉम्प्युटर खराब करते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मागं काही ठेवत नाही, वीजपॅनलला उत्तम, पण वजनाला जड, महाग, आणि त्याला काटा नसतो, वजन करूनच भरलेला आहे का ते कळतं. दुकानाला किंवा ऑफिसला तो घ्या, घराला एबीसी. तो शेगडीशेजारी ठेवू नका, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगा. 2 किलोची पावडर काही सेकंदांत संपते, म्हणून मारताना ज्वाळेच्या बुडाशी मारा.

कढईतल्या तेलाला मात्र तो वापरायचा नाही. जवळून मारलं तर पेटतं तेल उडतं, आणि पावडरनं तेल थंड होत नाही, पुन्हा भडकू शकतं. दिवाळीत चकल्या तळताना कढईवर बसेल असं मोठं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण बाजूनं सरकवत ठेवा आणि तेल गार होईपर्यंत उचलू नका. पाणी अजिबात नको. पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1,700 पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत जातं.

धुराचा अलार्म छताला, झोपायच्या खोलीबाहेर. बॅटरीवर चालणारा पुरतो. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजेल आणि लोक बॅटरी काढून ठेवतील.

भाड्याचं घर असेल तर हिशोब बदलतो. बोर्ड घरमालकाचा, त्यात आपले पैसे घालायला जीवावर येतं. तिथं मालकाला आरसीसीबीबद्दल स्पष्ट सांगा, तो दोन-तीन हजारांत बसतो, मजुरी वेगळी. त्यांनी नाहीच ऐकलं, तर नळी, धुराचा अलार्म आणि एबीसी या क्रमानं घ्या. घर बदलताना हे सगळं सोबत नेता येतं. आणि घर अरुंद बोळात असेल, तर अग्निशमनची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबणार हे धरूनच चाला. 101 ला फोन करताना मोठ्या रस्त्यावरची खूण सांगा आणि एकाला तिथं उभं करा.