प्रकल्पग्रस्त दाखल्याची सेवा, कोल्हापूर: सातबारा असणाऱ्यांपुरती बरी

गुण: पाचपैकी अडीच.

काळम्मावाडी, वारणा अशा धरणांत जमीन गेलेल्या घरातल्या मुलांना सरळसेवा भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण मिळते ते या दाखल्यावर. अर्ज पुनर्वसन शाखेत करायचा. सोबत निवाड्याची (भूसंपादनाच्या अंतिम आदेशाची) नक्कल, संपादनापूर्वीचा सातबारा, जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम 12(2) ची, म्हणजे निवाडा झाल्याची नोटीस, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची संमती जोडावी. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही संमती घ्या. ती राहून गेली की एका हरकतीवर अर्ज अडकतो.

सर्वांत जास्त अडते ते नावावर. जुन्या निवाड्यात नुसते ‘बाळू धोंडी’, आडनाव नाही. शाळेच्या दाखल्यावर तेच ‘बाळकृष्ण’. नुसत्या प्रतिज्ञापत्राने हे सुटत नाही. वारसाचा जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलल्याची नोंद, काढून जोडावा, साखळी तिथेच जुळते. नक्कल अभिलेख कक्षातून आधी मिळवा, अर्ज मागाहून करा.

बदली जमिनीची सेवा वेगळी. तिथे मोबदल्याच्या 65 टक्के रक्कम भरल्याची पावती विचारतात. जमीन मिळाली तरी ती भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही.

अडीच गुण कापले ते धनगरवाड्यांसाठी. खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या गवळी धनगरांचे गायरान, पाणवठा, रानवाट पाण्याखाली गेली. पण सातबारा नाही म्हणून संकलन यादीत, म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या सरकारी यादीत, नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून दाखला नाही. ज्यांचे सगळे जगणेच त्या नदीवर होते, त्यांचे नुकसान मोजायला या अर्जात रकानाच नाही. हा अन्याय आहे.

त्यांनी 2006 चा वनहक्क कायदा वाचावा. कलम 3(1) मधली तरतूद पाहा. मराठी प्रतींत पोटकलमांची अक्षरे बदलतात, म्हणून अक्षरावरून नव्हे, मजकुरावरून शोधा: 13 डिसेंबर 2005 पूर्वी वनजमिनीवरून पुनर्वसनाशिवाय बेकायदा हुसकावलेल्यांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क. धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी गावचे कोतवाल बुक, म्हणजे नमुना 14 ची जन्म-मृत्यू नोंद, फार उपयोगी. बऱ्याच ठिकाणी ती मोडी लिपीत असते, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. जोडीला चराईच्या पावत्या आणि वयस्कर माणसाचा लेखी जबाब द्या. एकाहून अधिक पुरावे लागतात. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच हातात घेऊनच उठायचे.